विषयाची ओळ

७ जानेवारी
विषय: कामाचे

भिंगरी,

आशीर्वाद, क्षेमकुशल वगैरे तू धरून चाल. मी कामाचं लिहिते.

मागच्या महिन्यात माझी दुर्बिणीतून आतड्याची तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठी निघाल्या. त्यातली एक बिघडायच्या बेतात होती. सगळ्या काढल्या, मी हिंडतेफिरते आहे. मग रक्ताची जनुकीय तपासणी केली. दोष आनुवंशिक आहे. तुझ्यातही तो असण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. असेल तर गाठी होतात. वेळेवर काढल्या तर विषय संपतो. नाही काढल्या तर त्यांचं पुढे काय होतं हे तुला सांगायला नको. माझ्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट इतकी वर्षं तूच पाठवत होतीस.

तेव्हा तिथल्या चांगल्या डॉक्टरकडे जा आणि दुर्बिणीची तपासणी करून घे. पोट दुखत नाही, भूक लागते, मग कशाला, असं म्हणू नकोस. माझंही दुखत नव्हतं.

पत्राला कुलूप घातलं आहे, तू घालून दिलेल्या पद्धतीनेच. माझ्याकडे तुझा पत्ता ऑफिसचाच आहे, आणि ऑफिसच्या पत्त्यावर आलेली पत्रं कोण कोण चाळतं यावर तू मला एकदा चांगलं तासभर ऐकवलं होतंस. आपल्या घरातल्या आतड्यांची चर्चा तिकडच्या टेबलांवर व्हायला नको.

तुझे भावोजी मागे उभे राहून विचारत होते, "बहिणीला पत्र लिहायला एवढी तिजोरी?" त्यांना समजावलं. भिंगरीने तिचं एक उघडं कुलूप माझ्या संगणकात ठेवलं आहे. पत्र पेटीत घालायचं, ते कुलूप दाबून बंद करायचं, पाठवून द्यायचं. बंद कुणीही करावं, उघडणार फक्त ती, कारण किल्ली तिच्याकडे. आत माझी सही. म्हणजे पत्र माझंच आहे आणि वाटेत कुणी त्यातला काना-मात्रा हलवलेला नाही, याची तिला खात्री.

"मग एकदा दाबलं की तुलाही उघडता येणार नाही?"

"नाही."

"मग जरा गोड लिही," म्हणाले.

आईच्या आजारपणाबद्दल या पत्रावरून काही तर्क करू नकोस आणि मला काही विचारू नकोस. हा माझा रिपोर्ट आहे, मी माझ्यापुरतं सांगते आहे.

उत्तराला एक ओळ पुरे. जाते, किंवा गेले.

नात्याने बहीण


२८ जानेवारी
विषय: पुन्हा तेच

भिंगरी,

उत्तर नाही. रागावली असशील तर रागावून तपासणीला जा. आतड्याला त्याने काही फरक पडत नाही.

दुसरं. सावध राहा. तुझ्या नावाने कुणी भामटा मला मेल पाठवतो आहे. पत्ता तुझ्या ऑफिसचा नाही, भलताच. विषय: "ताई, हे बघ". सोबत एक फाइल. खाली सहीसुद्धा केली आहे, पण माझ्याकडे असलेल्या तुझ्या सहीशी ती जुळत नाही. वर पिवळी पट्टी आली, सही करणारी व्यक्ती अनोळखी आहे म्हणून. मी तो मेल उघडला नाही. "संशयित" म्हणून तूच एक कप्पा करून ठेवला होतास, त्यात सरकवला.

लॅब विकली तेव्हा प्रिंटरच्या वरचा तुझा नियमांचा कागद मी सोलून घरी आणला. आता तो माझ्या टेबलासमोर आहे. नियम पहिला: सही जुळत नसेल तर मेल उघडू नये. नियम दुसरा: कुणी नवं कुलूप पाठवलं तर ओळखीच्या आवाजात त्याचा ठसा, म्हणजे त्या कुलपाच्या ओळखीची आकडे-अक्षरांची रांग, वाचून घ्यावा, आवाज ओळखीचा नसेल तर फोन ठेवावा. हे नियम कशामुळे आले ते तू विसरली नसशील. रुग्णालयाच्या नावाने खोटा मेल आला होता, दोन रिपोर्टांवरची नावं अदलाबदल झाली आहेत, दुरुस्त करून पाठवा. आपण करायलाच बसलो होतो. केली असती तर एका धडधाकट बाईचं पोट उघडलं गेलं असतं. त्याच दुपारी तू हा कागद लिहिलास.

हा भामटा हुशार आहे, पण एका ठिकाणी चुकला. तू मला ताई म्हणणार नाहीस. गेलीस त्या दिवशी सगळ्या लॅबदेखत मला "मॅडम" म्हणालीस आणि स्वतःची बॅगसुद्धा न उचलता जिना उतरलीस. हे बाहेरच्या माणसाला कुठून कळणार.

तपासणीची वेळ घेतलीस का ते कळव.

नात्याने बहीण


१९ फेब्रुवारी
विषय: उत्तर आलेले नाही

भिंगरी,

मावशीकडे जाऊन आले. तुझा फोन नंबर तिच्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. आजवर मागितला नव्हता.

"देणार नाही," ती म्हणाली. "तिने शपथ घातलीय."

"कुणाची?"

"माझ्या गुडघ्यांची. नंबर दिला तर दोन्ही जातील म्हणे."

"ते तसेही गेलेलेच आहेत, मावशी."

"म्हणून तर उरलेसुरले जपतेय. तुझं एवढं काय अडलंय ते सांग की. मी सांगते तिला."

मावशीला सांगायचं म्हणजे भोंगा लावून गावभर फिरायचं. मी म्हटलं, "तिला सांग, ताईच्या पत्रांचं उत्तर दे. एवढंच."

"आणि तू कुणाला उत्तरं देतेस गं? आई आजारी होती तेव्हा ही पोर तुझ्या मागे मागे फिरायची. ताई, काय निघालं? ताई, सांग ना, काय निघालं? तुझं तोंड म्हणजे बँकेचा लॉकर. शेवटी आई गेल्यावर दवाखान्याच्या कागदावरून तिला कळलं, तेही अर्धवट."

मी चहा संपवला आणि उठले.

यावर मी एकदाच लिहिते. रुग्ण आई होती. तिने मला समोर बसवून सांगितलं, धाकटीला कळू द्यायचं नाही. तिच्या स्लाइड मी वाचल्या, रिपोर्टवर मी सही केली आणि तो बंद केला. तू मुलगी आहेस हे मला माहीत होतं. मीही होते.

माझे डॉक्टर मात्र भेटले की विचारतात, "बहिणीची तपासणी झाली का?" मी सांगते, कळवलं आहे. परवा ते म्हणाले, "कळवणं आणि कळणं यात फरक असतो, मॅडम. यात फार दिवस घालवू नका." माणूस वयाने माझ्याहून बराच लहान आहे.

भामट्याचा दुसरा मेल आला. "ताई, प्लीज." कप्प्यात टाकला.

बहीण


९ मार्च
विषय: शेवटचे

भिंगरी,

हे चौथं पत्र, आणि यानंतर लिहिणार नाही. तू जाणती आहेस. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, आता शरीर तुझं आहे.

दोन किरकोळ गोष्टी.

लॅबमधून आणलेलं लोखंडी कपाट अखेर आवरलं. मायक्रोस्कोप खिडकीपाशी मांडला, बाकीचं भंगारात. खालच्या खणात तुझी बॅग निघाली. छत्री, डबा, मोडक्या चष्म्याची काडी आणि तुझा लॅपटॉप. भावोजींनी चार्जर शोधून तो सुरू केला. पडद्यावर तुझं नाव आलं आणि पासवर्ड मागून बसला. तुझी किल्ली तू यातच ठेवायचीस. दुसरी प्रत जवळ असणारच, तुझ्यासारखी बाई प्रत ठेवल्याशिवाय राहणार नाही. लॅपटॉप पुसून ठेवला आहे, कुणाच्या हाती पाठवायचा ते कळव.

दुसरी गोष्ट भामट्याची. काल त्याचा तिसरा मेल आला. विषय: "मॅडम, आता तरी".

मी ती ओळ भावोजींना दाखवली. म्हटलं, मॅडम हे याला कुणी सांगितलं?

त्यांनी पेपर खाली केला. "तुमच्या लॅबमध्ये होता वाटतं नोकरीला," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

मेल अजून कप्प्यातच आहे. नियम म्हणजे नियम.

ताई


१४ मार्च
विषय: या पत्राला कुलूप नाही. रविवारी सकाळी फोन करते आहे. उचल.

भिंगरी,

हे पत्र उघडं पाठवते आहे. फक्त सही केली आहे. माझी सही तुझ्याकडे आहे, तपासून घे. तुझ्या ऑफिसात तिसरं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही नमस्कार. त्यांच्या कामाचं यात काही नाही.

काल मावशीचा फोन आला. तू तिला म्हणालीस म्हणे, "ताई मला पत्रं पाठवत नाही, कुलपं पाठवते. आत नुसता अक्षरांचा भुगा." मावशीला वाटलं, मी तुला शिव्या लिहिते आहे.

मी फोन ठेवला आणि कप्पा उघडला. नियम मोडून तिन्ही मेल वाचले.

पहिल्यात तू लिहिलं आहेस की जुनी किल्ली लॅपटॉपमध्येच राहिली, प्रत घेतली नव्हती, जाताना तुला त्यातलं काहीच जवळ नको होतं. सोबतची फाइल म्हणजे तुझं नवं कुलूप. दुसऱ्यात लिहिलं आहेस, "पत्र उघडत नाही, आतली सहीही दिसत नाही, तेव्हा हे तूच पाठवतेस का तेही कळत नाही. फक्त विषयाची ओळ वाचता येते. कामाचे. पुन्हा तेच. नगरपालिकेची नोटीस आल्यासारखं वाटतं." तिसऱ्यात फोन नंबर आणि एकच वाक्य: "उत्तर कशाचं हवंय, हे तरी उघड लिही."

म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून मी तुला ज्या पेट्या पाठवल्या त्यांची जगातली एकमेव किल्ली माझ्याच कपाटाच्या खालच्या खणात होती. आणि तू दार वाजवत होतीस तेव्हा मी तुझाच कागद वाचून दाखवत तुला बाहेर उभं केलं.

तरीही. हे मेल तुझ्यासारखे वाटतात, पण वाटणं म्हणजे खात्री नव्हे. माझ्या हातातलं हे नवं कुलूप तुझंच आहे हे कळल्याशिवाय मी त्यात काहीही घालणार नाही. आणि जे घालायचं आहे ते कुलपाविना पाठवणार नाही. नियम दुसरा. नंबर भामट्याचा असू शकतो, पण आवाज मला कळेल.

संगणकासमोर बस. ठसा पडद्यावर उघडून ठेव. पहिला गट मी वाचेन, दुसरा तू. तोवर इतर काहीही बोलायचं नाही.

ताई


१८ मार्च
विषय: तोंडी बोलण्याची लेखी नोंद

भिंगरी,

लॅबची सवय आहे. तोंडी सांगितलेलं लेखी करायचं आणि खाली सही करायची. तू फोनच्या पलीकडे होतीसच, पण इकडचं तुला दिसलं नाही, आणि थोडं तुझ्याकडचंही लिहून ठेवते.

तू "हॅलो" म्हणालीस. आवाज तुझा होता. तेवढंही मला पुरलं असतं, पण ठसा वाचायचा होता. मी कागदाच्या खालची तुझी ओळ शोधली. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात म्हणून तू घरातल्या वस्तू लिहून ठेवल्या होत्यास. ए आरसा, बी बादली, सी सुई, डी डबा, ई इस्त्री, एफ फडकं. मी वाचलं, "सात, बादली, शून्य, फडकं." तू वाचलंस, "डबा, डबा, चार, सुई." भावोजी स्वयंपाकघरातून डोकावले आणि म्हणाले, "धुणीभांडी वाटून घेताय का?" मी त्यांना हाताने जायला सांगितलं. ते गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

मधल्या एका गटात तू आरसा म्हणालीस आणि थांबलीस. मला वाटलं चूक निघाली. चूक नव्हती. तू नाक पुसत होतीस. मी वाट पाहिली. मग तू म्हणालीस, "आरसा, नऊ, नऊ, इस्त्री." बरोबर होतं. शेवटपर्यंत सगळं बरोबर निघालं.

मी म्हटलं, "आता पत्रं पाठवते. उघड. मी फोनवरच आहे."

"तोंडानेच सांग ना."

"वाच."

चारही पत्रांचे कच्चे मसुदे माझ्याकडे होते, ते तुझ्या नव्या कुलपात घालून एकदम पाठवले. तू वाचत असताना मला तुझ्या खुर्चीचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. पहिलं पत्र वाचायला तुला फार वेळ लागला. दुसऱ्यावर मधेच हसलीस, बहुतेक भामट्याला. तिसऱ्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तिथे आईबद्दल लिहिलं आहे.

मग तू विचारलंस, "आईला हेच होतं?"

मी बोलले नाही.

"ताई, हेच होतं ना?"

मी बोलले नाही. तुला काय कळायचं ते कळलं. तिने सांगू नको म्हटलं होतं, ते मी आजही पाळलं, हे इथे नोंदवते.

तू म्हणालीस, "मग आता मला का सांगतेस?"

मी म्हटलं, "आता रुग्ण मी आहे. माझ्या रिपोर्टची परवानगी मी देते."

नंतर तू जे बोललीस ते नोंदीत घेत नाही. फोन ठेवल्यावर भावोजींनी विचारलं, रडली का? मी म्हटलं, कोण? ते म्हणाले, कुणीही.

ठरलं ते असं. तू या आठवड्यात रक्त देणार आणि दुर्बिणीची तपासणी करून घेणार. काही काढलं तर त्याच्या स्लाइड काचेच्याच इकडे पाठवणार. संगणकावरच्या चित्रांवर मी मत देत नाही.

एक राहिलं. घरच्यांच्या स्लाइड आपण वाचू नयेत असा आम्हा पॅथॉलॉजिस्टांमध्ये संकेत आहे. आईच्या वेळी मी तो मोडला. त्यानंतर बरेच दिवस मला मायक्रोस्कोपला डोळा लावला की तेच दिसायचं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या स्लाइड मात्र वाचेन.

ताई


११ एप्रिल
विषय: गाठी साध्या आहेत. कडा स्वच्छ. जेवून घे.

भिंगरी,

रुग्णाच्या निदानाचा शब्दही विषयाच्या ओळीत येता कामा नये, हा तुझ्या कागदावरचा नियम तिसरा. पण तू काल लिहिलंस, "विषयातच लिही. पत्र उघडायला हात चालणार नाहीत, आणि तोवर मी काही खाणार नाही." ही मी रुग्णाची लेखी परवानगी धरली. खाली सही होती. तपासली, जुळली.

आता नीट सांगते. स्लाइड सकाळी आल्या. एकीलाही तडा नाही. खिडकीपाशी बसून सगळ्या पाहिल्या, मग उलट्या क्रमाने पुन्हा पाहिल्या. गाठी मुळापासून निघाल्या आहेत, कडेला काही उरलेलं नाही. त्यातली मोठी गाठ अजून दोनतीन वर्षं तशीच राहिली असती तर मी आज विषयात वेगळं लिहिलं असतं. राहिली नाही. घरचं माणूस म्हणून माझा डोळा चुकू नये यासाठी लॅब ज्यांनी घेतली त्या डॉक्टरांनाही दाखवल्या, नाव झाकून. त्यांनीही तेच सांगितलं.

तुझ्या रक्तात दोष आहे, हे तू कळवलंस. म्हणजे दर वर्षी तपासणी, तुलाही आणि मलाही. त्याला उपाय नाही, पण तोच उपाय आहे.

मावशीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. तिने मला विचारलं, "बोलता का आता?" मी म्हटलं, हो. तिने लगेच गुडघ्यांची तक्रार सुरू केली.

जुना लॅपटॉप माझ्याकडेच आहे. पासवर्ड नको आहे मला.

स्लाइडच्या डबीला धक्का लागू नये म्हणून तू ती लोकरीच्या मोज्यात घालून पाठवलीस. मोजा धुऊन वाळत घातला आहे. एकाचा इथे कुणाला उपयोग नाही. दुसरा येताना घेऊन ये.

ताई